चित्र बाटत नसतं

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरचे ‘आर्ट मुंबई’ या आर्ट फेअरचे तंबू उतरून आठवडाही झाला नव्हता. दादरला एका छोट्या सभागृहात आम्ही काही चित्रकार जमलो होतो. विषय नव्या मुलांचा होता. एक ज्येष्ठ चित्रकार बोलले. त्यांच्या रेषेपुढे मी आजही मान लववतो, म्हणून नाव घेत नाही. वाद त्यांच्याशी नाहीच. त्या संध्याकाळी त्यांनी जे मांडलं आणि ज्याला सभागृहाने टाळ्या दिल्या, त्याच्याशी आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं : तिशीही न गाठलेली मुलं आर्ट फेअरमध्ये चित्रं लावू लागली आहेत आणि हे कलेच्या मुळावर येणारं आहे. आधी दहा-पंधरा वर्षं साधना करावी, मग लोकांसमोर यावं. बाजाराची चव लागली की हात बाजारासाठी चालू लागतो. मेळ्याच्या गर्दीत चित्र कोणी पाहत नाही, लोक त्याच्यासमोरून नुसते चालत जातात. शेवटी ते म्हणाले, वयाच्या आधी विक्रीची लाल टिकली लागली की चित्र बाटतं.

माझ्या शेजारी माझी एक जुनी विद्यार्थिनी बसली होती. त्याच फेअरमध्ये एका गॅलरीच्या स्टॉलवर तिची दोन कामं लागली होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत, काही बोललीही नाही. स्टेशनच्या पुलावर, गर्दीत चालता चालता तिने विचारलं, ‘सर, मग मी लावायला नको होतं का?’ खाली गाडी लागली होती. मी घाईत काहीतरी अर्धवट बोललो आणि ती गेली. ते अर्धवट उत्तर मला अजून टोचतं आहे. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

साधनेपासून सुरुवात करतो, कारण तो शब्द ऐकला की आपण सगळेच गप्प होतो. अमृता शेरगिल १९१३ साली जन्मली. तिच्या ‘यंग गर्ल्स’ या चित्राला पॅरिसच्या ग्रां सालोंमध्ये सुवर्णपदक मिळालं ते १९३३ साली, म्हणजे विसाव्या वर्षी. सालों हे काही एकांतातलं देऊळ नव्हतं. खेटून लावलेली चित्रं, बघ्यांची रीघ, वर्तमानपत्रांचे समीक्षक, विकत घेणारे, नाक मुरडणारे, सगळे तिथे होते. पुढे १९३७ साली आपल्या बॉम्बे आर्ट सोसायटीने तिच्या तीन मुलींच्या चित्राला सुवर्णपदक दिलं आणि त्याच वर्षी लाहोरच्या फलेटीज हॉटेलात तिने आपली चित्रं मांडली. होय, हॉटेलात. डिसेंबर १९४१ मध्ये ती गेली तेव्हा तिचं वय अठ्ठावीस होतं. पंधरा वर्षं थांब, मग लोकांसमोर ये, असं कुणी तिला सांगितलं असतं आणि तिने ते मानलं असतं, तर तिचं एकही चित्र तिच्या हयातीत भिंतीवर लागलं नसतं.

ती अपवाद होती, असं उत्तर मला मिळेल. मग मुंबईतच राहू. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप १९४७ साली झाला आणि जुलै १९४९ मध्ये रॅम्पार्ट रोवरच्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या सालोंमध्ये त्यांनी चित्रं लावली. सूझा तेव्हा पंचवीस वर्षांचा होता, रझा सत्तावीस. हुसेन त्याआधी सिनेमाची होर्डिंगं रंगवून पोट भरत होते. या मुलांची चित्रं विकत घेणारे, त्यांच्यावर लिहिणारे, त्यांना घरी बोलावून युरोपातल्या चित्रांची पुस्तकं दाखवणारे लोक कोण होते? श्लेसिंजर, लँगहॅमर, लायडेन. नाझींच्या छायेतून निघून या शहरात आलेली माणसं. आणि चित्रं कुठे दिसत? केकू गांधी यांचं केमोल्ड हे फ्रेमचं दुकान होतं. प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या त्या दुकानाच्या काचेआड ते या चित्रकारांची कामं मांडून ठेवत. केमोल्ड गॅलरी जहांगीर आर्ट गॅलरीच्या पहिल्या मजल्यावर आली ती १९६३ साली, बऱ्याच नंतर. आज ज्यांच्या नावाने आपण कान पकडतो, त्यांची चित्रं ट्राम पकडायला निघालेल्या माणसाने फ्रेमच्या दुकानाच्या काचेतून पाहिली आहेत. त्याने ती बाटली नाहीत.

मला इथे एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे, कारण ती शिकवता शिकवता माझ्या अनुभवाला आली आहे. चित्र पिकायला जसा एकांत लागतो तशी परकी भिंतही लागते. आपल्या खोलीत, आपल्या खिडकीच्या उजेडात, रोजच्या अंतरावरून पाहिलेलं चित्र आपल्याशी गोड बोलतं. तेच चित्र दुसऱ्याच्या भिंतीवर, दुसऱ्याच्या दिव्याखाली, दोन अनोळखी चित्रांच्या मध्ये लागलं की पहिल्या पाच मिनिटांत त्याचा कच्चा कोपरा दिसतो. माझ्या पहिल्या प्रदर्शनात मला माझ्या निळ्या रंगाची शरम वाटली होती. घरी दोन वर्षं तोच निळा मला खोल वाटत होता. ही शरम पंचविसाव्या वर्षी वाटली तर पुढे तीस-चाळीस वर्षं हाताशी असतात. चाळिशीत पहिल्यांदा वाटली, तर माणूस बहुधा तिच्याकडे डोळेझाक करतो. लोकांसमोर येणं हाही साधनेचाच भाग आहे, ते साधनेचं फळ म्हणून राखून ठेवण्यात मुलांचं नुकसान आहे.

आता बाजाराकडे येतो. विकलं जाईल असंच चित्र काढायचा मोह होतो, हे खरं आहे. पण हा मोह तंबूत जन्मला असं म्हणणाऱ्यांनी आपली स्वतःची तरुण वर्षं आठवावीत. राज्य कला प्रदर्शनाच्या विद्यार्थी विभागासाठी आम्ही कॅनव्हास ताणायचो तेव्हा आदल्या वर्षी कुणाला बक्षीस मिळालं, परीक्षक कोण आहेत, त्यांना पोत आवडतो की रेषा, याची चर्चा वर्गात व्हायची. ‘बक्षिसाचं चित्र’ हा शब्द आमच्या पिढीने वापरला आहे. जहांगीरच्या भिंतींवर कित्येक वर्षं वारी, बनारसचे घाट आणि राजस्थानी पगड्या का लागत राहिल्या? १९५२ साली सुरू झालेल्या त्या गॅलरीने आम्हाला खूप दिलं आणि माझं तिच्यावर प्रेम आहे. पण तिथेही विकणारं चित्र आणि न विकणारं चित्र हा भेद होताच. आर्ट फेअरचं नाव तेव्हा इथे कुणी ऐकलं नव्हतं. इंडिया आर्ट समिट दिल्लीच्या प्रगती मैदानावर पहिल्यांदा भरलं २००८ साली, त्याचं पुढे इंडिया आर्ट फेअर झालं. आर्ट मुंबई तर २०२३ चं. मोह त्याहून फार जुना आहे.

तो मोह आवरतो कोण? ज्याच्याकडे सांगण्यासारखं काही आहे तो. प्रभाकर पाचपुते चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचा. कोळसा खाणीत पिढ्यान्‌पिढ्या राबलेलं त्याचं घर. २०१२ साली कुलाब्याच्या क्लार्क हाउसमध्ये त्याचं पहिलं एकल प्रदर्शन झालं, तेव्हा तो पंचवीस-सव्वीस वर्षांचा होता. कोळशाने थेट भिंतीवर काढलेली, खणलेल्या जमिनीची आणि डोक्याच्या जागी दिवा किंवा यंत्र आलेल्या माणसांची चित्रं. पुढे मोठ्या गॅलऱ्या आल्या, परदेशातले बिएनाले आले, विक्री आली. त्याच्या हातातला कोळसा मात्र सुटला नाही. अमोल पाटीलच्या घरात आजोबांचा पोवाडा होता, वडिलांचं नाटक होतं, गिरणगावच्या चाळीची ओल होती. २०२२ साली कासेलच्या ‘डॉक्युमेंटा’ या प्रदर्शनात त्याने जे मांडलं त्यात हे सगळं होतं. विक्रांत भिसे आंबेडकरी चळवळीच्या आठवणी रंगवतात, मोर्चे, पुस्तकं, निळे झेंडे. त्यांची ही चित्रं आर्ट फेअरच्या स्टॉलवर लागली आहेत आणि ती मवाळ झालेली मला दिसली नाहीत.

म्हणूनच ‘बाटतं’ हा शब्द मला त्या संध्याकाळी फार लागला. मराठीत या शब्दाला इतिहास आहे. कुणाच्या सावलीने पाणी बाटतं, कुणाच्या स्पर्शाने देव बाटतो, हे ठरवायचा अधिकार कुणाकडे होता आणि त्याने किती आयुष्यं जाळली, हे आपण जाणतो. ज्येष्ठांच्या मनात तसलं काही नव्हतं, याबद्दल मला शंका नाही. पण पैशाला हात लागला की कला अशुद्ध होते, ही कल्पना त्याच घरातली आहे. आणि ती कुणाला परवडते? ज्याच्या वडिलांचं घर पुण्यात किंवा पार्ल्यात आहे, त्याला पंधरा वर्षं न विकता चित्र काढता येईल. ज्या मुलीची आई यंत्रमागासाठी कांड्या भरते, तिला पंधरा वर्षं थांब असं सांगणं म्हणजे चित्र सोडून दे असं सांगणं आहे. तिला ते तसंच ऐकू जातं.

मागच्या पिढीला थांबता आलं, कारण तिच्या पाठीशी काहीतरी होतं. प्रभाकर बरवे वीव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरीला होते. हातमागाची डिझाइनं करण्याची सरकारी नोकरी, महिन्याच्या महिन्याला पगार. आधी बनारस, मग मुंबई. त्या पगाराच्या आधारावर त्यांनी आपलं चित्र कुणाच्याही आवडीनिवडीपासून दूर, सावकाश घडवलं. कितीतरी चित्रकारांना त्या केंद्रांनी, जाहिरात संस्थांनी, शाळांनी असं जगवलं. आज माझे विद्यार्थी कुठे आहेत? कला महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर, सीएचबीवर. उन्हाळ्याच्या सुटीत तास नाहीत, म्हणून पैसेही नाहीत. शाळांत चित्रकलेच्या कायम जागा भरल्या जात नाहीत. बाकीचे ॲनिमेशनमध्ये तुकड्या-तुकड्याने काम घेतात, लग्नाच्या स्टेजची सजावट करतात, रात्री बदलापूरच्या खोलीत कॅनव्हास भिंतीला टेकवून उभे राहतात. त्या खोलीचं भाडं पंधरा वर्षं कोण भरणार, हे सांगितल्याशिवाय साधनेचा सल्ला पुरा होत नाही.

आणि फेअर नको तर जायचं कुठे? जहांगीरचा एक आठवडा मिळायला अर्ज करून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागते. कोचीच्या बिएनालेने २०१४ पासून विद्यार्थ्यांसाठी वेगळं प्रदर्शन भरवलं, ते फार चांगलं काम आहे, पण ते कोचीला आणि काही वर्षांतून एकदा. इचलकरंजीच्या, लातूरच्या, भंडाऱ्याच्या मुलाने चित्र दाखवावं अशी जागा त्याच्या जिल्ह्यात आपण केली का? आम्ही ज्येष्ठांनी ती केली असती, तर आज तंबूला नावं ठेवण्याचा हक्क आम्हाला आला असता.

मेळ्यात चित्र पाहिलं जात नाही, या म्हणण्याबद्दल मला त्याच आर्ट मुंबईतलं एक दृश्य सांगितलंच पाहिजे. माझ्या त्या विद्यार्थिनीचं मोठं काम सात फूट लांब आहे. यंत्रमागाच्या सुट्या भागांवर कागद ठेवून ग्राफाइट घासून घेतलेले ठसे, आणि कांडीवर उरलेलं सूत त्यांतून टाके घालून फिरवलेलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी स्टॉलच्या कडेला उभा होतो. तंबूतल्या दिव्यांच्या वायरी ओढणारा एक कामगार खांद्यावर वेटोळं घेऊन चालला होता. तो थांबला. बराच वेळ पाहत राहिला. मग तिला म्हणाला, ‘ताई, ही कांडी ना?’ तो सोलापूरचा होता, घरी माग होते, आता नाहीत. तिने त्याला कुठला ठसा कशाचा ते दाखवलं. एक ठसा तिने चुकीच्या नावाने सांगितला, तो त्याने दुरुस्त केला. तिने तिथेच वहीत लिहून घेतलं. कुठल्याही शांत, थंड, पांढऱ्या गॅलरीत हा माणूस त्या चित्रापर्यंत पोहोचला असता असं मला वाटत नाही.

दुसरंही एक आहे. तिच्या स्टॉलपासून थोड्या अंतरावर जुन्या मोठ्या चित्रकारांची मूळ चित्रं लागलेली होती. ही चित्रं एरवी कुठे असतात? कुणाच्या दिवाणखान्यात, कुणाच्या गोदामात. आपल्या सार्वजनिक संग्रहालयांत कायम भिंतीवर किती आधुनिक भारतीय चित्रं दिसतात, हे वर्गाची सहल घेऊन गेलेल्या कुठल्याही शिक्षकाला विचारा. छापील पुस्तकात नाहीतर मोबाइलवर पाहिलेलं गायतोंड्यांचं चित्र आणि समोर असलेलं त्यांचं चित्र यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रंग कसा ओढला, कुठे खरवडला, कुठे हात आवरला, हे नाक जवळ नेल्याशिवाय कळत नाही. नागपूरहून रात्रीच्या गाडीने आलेली मुलं अशा चित्रांसमोर अर्धा-अर्धा तास उभी असलेली मी पाहिली आहेत. ज्या मुलाचं काम त्याच तंबूत लागलं आहे, तो तर स्वतःच्या स्टॉलवरून तिथे जातो, परत येतो, पुन्हा जातो. आपलं माप घेण्याचा याहून कठोर प्रसंग मला माहीत नाही.

आर्ट फेअर निर्मळ आहे असं मात्र मी म्हणणार नाही. पहिला दिवस निमंत्रितांचा असतो आणि बरीचशी खरेदी त्याच दिवशी उरकते. मुंबईत भरणाऱ्या मेळ्यात चित्राशेजारच्या पाटीवर मराठी जवळजवळ नसते, याचं मला दुःख आहे. तो सोलापूरचा माणूस ती पाटी वाचू शकला असता तर बोलणं आणखी पुढे गेलं असतं. विक्रीतला साधारण निम्मा वाटा गॅलरीचा, आणि व्यवहार अजूनही पुष्कळदा तोंडी. माझी स्वतःची पहिली तीन चित्रं एका गॅलरीने विकली आणि पैसे हातात यायला दोन वर्षं लागली. चौथं चित्र परत आलं ते कोपऱ्यात फाटून. कागद नव्हता, म्हणून बोलायची सोय नव्हती. वरळीच्या नेहरू सेंटरात भरणाऱ्या इंडिया आर्ट फेस्टिव्हलसारख्या मेळ्यात चित्रकाराला स्वतः स्टॉल भाड्याने घेता येतो. तिथे मधला माणूस नाही, हे चांगलं. पण कर्ज काढून स्टॉल घेऊ नका, असं मी प्रत्येक मुलाला सांगतो.

पैशाची खरी तक्रार करायची तर ती वेगळ्या दारात करावी लागेल. २०२३ साली शेरगिलचं ‘द स्टोरी टेलर’ ६१.८ कोटींना गेलं. सप्टेंबर २०२५ मध्ये गायतोंड्यांचं १९७० चं एक चित्र ६७ कोटींच्या पुढे गेलं. हे पैसे ज्यांनी ब्रश धरला त्यांच्यापर्यंत पोहोचले नाहीत, पोहोचणं शक्यही नव्हतं. आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने ५३ अ हे कलम आलं. चित्राची मूळ प्रत दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकली गेली तर चित्रकाराला, तो नसेल तर त्याच्या वारसांना, त्या किमतीत दहा टक्क्यांपर्यंत वाटा मिळावा, असं ते सांगतं. कॉपीराइट दुसऱ्याला दिला असला तरीसुद्धा. तीस वर्षं होऊन गेली. मी शिकवलेल्या मुलांपैकी एकालाही हे कलम आधी माहीत नव्हतं, आणि हा वाटा हातात पडलेला चित्रकार मला आजवर भेटलेला नाही. त्या संध्याकाळी सभागृहात या कलमाचा शब्दही निघाला नाही. लेखी कराराचा निघाला नाही, परत आलेल्या फाटक्या कॅनव्हासचा निघाला नाही. ज्यांच्या नावाला वजन आहे, गॅलरीवाले ज्यांचा फोन उचलतात, त्यांनी हा लढा मुलांच्या बाजूने लढावा, अशी माझी त्यांना हात जोडून विनंती आहे. प्रत्येक स्टॉलवरच्या प्रत्येक तरुण चित्रकाराच्या हातात करार हवा, त्यात पैसे किती दिवसांत मिळतील ते हवं, न विकलेलं चित्र कोणत्या अवस्थेत परत येईल ते हवं, पुनर्विक्रीचा वाटा हवा. बाजारात पाऊल टाकू नका असं मुलांना सांगितल्याने बाजार सुधारत नाही. तो फक्त ज्यांना घाई नाही, गरज नाही, अशांच्या हातात राहतो.

तिच्या प्रश्नाचं उत्तर आता देतो. लावायला हवं होतं. त्या दोन कामांपैकी लहान काम विकलं गेलं. गॅलरीचा वाटा वजा होऊन उरलेले पैसे सहा आठवड्यांनी तिच्या खात्यात आले. त्यांतून तिने इचलकरंजीत बंद पडलेल्या एका कारखान्याची अर्धी शेड भाड्याने घेतली आहे. आत एक जुना माग उभा आहे. मालक तो भंगारात काढणार होता, तिने थोडे दिवस मागून घेतले. आता ती त्या सबंध मागाचा ठसा घेते आहे, एकेक भाग सुटा करून, खालून वर. आई दुपारी येऊन कुठला भाग कशाला म्हणतात ते सांगते. परवा फोनवर म्हणाली, धोट्यापर्यंत आले आहे, कागद संपत आलाय, पण भाडं मार्चपर्यंत भरलेलं आहे.